नदीकांठच्या वांकड्या हद्दीचें क्षेत्र

चौकोनी शेताचें क्षेत्र काढण्यास लांबीस रुंदीनें गुणावें, हें प्राथमिक शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु आमच्या पनवेल तालुक्यांत पाटीसारखें नीट चौकोनी असें शेत कितीसें सांपडेल? गाढी, कासाडी, पाताळगंगा यांच्या कांठचीं शेतें पाहावीं, अथवा खाडीलगतच्या खारी पाहाव्या. कोठें बांध पोट काढून पाण्याकडे गेलेला, तर कोठें पाण्यानें आंत घांस घेतलेला. असें असून सात-बाऱ्यावर अशा शेताचें क्षेत्र आरांच्या दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेलें असतें. तो आंकडा कोठून आला, हें विचारणारा खातेदार शंभरांत एखादाच भेटतो. महसुली नोकरींत माझें आयुष्य गेलें, त्या काळांत भावाबद्दल तक्रार करणारे अर्ज मीं ढिगानें पाहिले. क्षेत्र कसें काढलें याची विचारपूस करणारे अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

वास्तविक मोबदला म्हणजे भाव गुणिलें क्षेत्र. १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यापासून या बाजूच्या भातजमिनी एकामागून एक संपादनांत गेल्या. भावासाठीं येथील शेतकऱ्यांनीं मोठे लढे दिले. १९८४ च्या जानेवारींत जासईच्या आंदोलनांत पांच जणांनीं प्राण दिले, आणि त्यांतूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली. पुढें विमानतळ आला, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटनहि झालें. इतक्या उलाढालींत गुणाकारांतील एका अंकासाठीं, म्हणजे भावासाठीं, सर्व गांव उठतो; दुसऱ्या अंकाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. म्हणून वांकड्या हद्दीचें क्षेत्र कोणत्या रीतीनें काढतात, त्या रीतींत चूक कोणत्या बाजूस पडते व किती पडते, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. रीति कठीण नाहीं. निम्मे करणें, बेरीज करणें व गुणणें इतकें येत असलें म्हणजे झालें.

मोजणीचीं आपलीं जुनीं मापें काठी, पांड व बिघा. पांच हात पांच मुठींची काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, हें कोष्टक वडीलधाऱ्यांच्या तोंडीं अजूनहि ऐकूं येतें. इंग्रजी अमलांत प्रिंगलसाहेबाची पहिली पाहणी फसली, आणि १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्यानें काम आरंभिलें. १८४७ च्या संयुक्त अहवालानें त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. या पद्धतींत तेहतीस फुटांची सांखळी धरिली असून तिचे सोळा भाग पाडून प्रत्येकास आणा म्हटलें आहे. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. या योजनेंतील सोय मोठी आहे. सांखळी गुणिलें सांखळी म्हणजे गुंठा, आणि आणे गुणिलें सांखळी म्हणजे गुंठ्याचे आणे. भागाकाराची कटकट मुळींच नाहीं. ज्यानें हें माप बसविलें त्याला हिशेबनिसाची कींव आली असावी.

सांखळीबरोबर दुसरें साधन शंकु. काठीच्या माथ्यावर काटकोनांत चिरा पाडलेला ठोकळा बसविलेला असतो. एका चिरेंतून पायारेषेकडे पाहिलें कीं दुसऱ्या चिरेंतून बरोबर काटकोनाची दिशा दिसते. शेतांतून एक सरळ पायारेषा धरावयाची, तिच्यावरून चालत जाऊन हद्दीच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनांत अंतर मोजावयाचें. या अंतरास लंब म्हणतात. हे लंब ज्या आकृतींत टिपले जातात तें टिपण, आणि त्यांवरून शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडून ज्यांत हिशेब मांडलेला असतो तें गुणाकार बुक. हे दोन्ही कागद भूमि अभिलेख खात्याच्या दप्तरांत असतात व अर्ज केल्यास त्यांची नक्कल मिळते.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. समजा, गाढीच्या कांठीं एक शेत आहे. गाडीवाटेकडील त्याची हद्द सरळ असून आठ सांखळ्या लांब आहे. ती आपली पायारेषा. दोन्ही टोकांचे बांध तिला काटकोनांत आहेत. समोरची बाजू नदीची, ती पोट काढून पाण्याकडे गेलेली. पायारेषेच्या आरंभीं एक व पुढें दर सांखळीस एक असे कांठापर्यंत लंब मोजले, ते अनुक्रमें १६, ३१, ४३, ५१, ५६, ५७, ५४, ४७ व ३६ आणे भरले. लंब नऊ आहेत, परंतु त्यांमधील पट्टे आठच आहेत, हें ध्यानांत ठेवावें. पुढचा सर्व घोटाळा येथूनच उद्भवतो.

पुष्कळ लोक काय करतात? नऊ लंबांची बेरीज ३९१, तिला नवांनीं भागून सरासरी रुंदी काढतात व तिला आठ सांखळ्यांनीं गुणतात. उत्तर येतें २१ गुंठे साडेअकरा आणे. दिसण्यास हें अगदीं न्यायाचें दिसतें, पण बरोबर नाहीं. बरोबर रीति अशी: पहिल्या पट्ट्याचे दोन लंब १६ व ३१, त्यांची निमपट साडेतेवीस, ती एका सांखळीनें गुणिली. दुसऱ्या पट्ट्याचे ३१ व ४३, त्यांची निमपट ३७. याप्रमाणें आठहि पट्टे काढून बेरीज करावी. असें करतांना सहज दिसेल कीं, मधला प्रत्येक लंब दोन पट्ट्यांत येतो, एकदां डावीकडच्या व एकदां उजवीकडच्या. म्हणजे त्याचे दोन अर्धे मिळून तो पुरा मोजला जातो. टोकांचे दोन लंब मात्र एकेकाच पट्ट्यांत येतात, म्हणून ते अर्धेच धरावयाचे. सामाईक बांधावर दोन्ही शेजाऱ्यांचा हक्क व गांवकुसाकडील बांधावर एकाचाच, तसाच हा प्रकार. म्हणून संक्षेपानें: टोकांच्या लंबांची निमपट करावी, मधले लंब पुरे मिळवावे, आणि आलेल्या बेरजेस दोन लंबांमधील अंतरानें गुणावें. येथें १६ व ३६ यांची निमपट २६, मधल्या सात लंबांची बेरीज ३३९, एकूण ३६५ आणे, म्हणजे २२ गुंठे १३ आणे. साध्या सरासरीनें गेलेला माणूस येथेंच एक गुंठा दीड आणा गमावून बसला.

लंब सारख्या अंतरावर नसतील तर हा संक्षेप चालत नाहीं. प्रत्येक पट्टा त्याच्या त्याच्या रुंदीनें वेगळा गुणून बेरीज करावी लागते. मोजणीदार बहुधा असेंच करितो, कारण जेथें हद्द मोडते तेथें लंब घेणें हेंच शहाणपणाचें.

परंतु २२ गुंठे १३ आणे हें तरी पुरें क्षेत्र आहे काय? नाहीं. दोन लंबांच्या टोकांमध्यें आपण मनानें सरळ रेषा ओढली. नदीचा कांठ तर त्या रेषेच्या बाहेर फुगलेला आहे. प्रत्येक पट्ट्यावर एक बारीकशी फांक बाहेर राहिली. यावरून नियम निघतो: हद्द बाहेरच्या अंगास पोट काढीत असेल तर ही रीति क्षेत्र कमी दाखविते, आणि हद्द आंत घांस घेतलेली असेल तर जास्त दाखविते. नदीच्या वळणावर एका कांठाचें शेत पोट काढतें तेव्हां समोरच्या कांठाचें शेत बहुधा आंत चेपलेलें असतें. दोघांचीहि मोजणी त्याच मोजणीदारानें, त्याच प्रामाणिकपणानें, पण तुटपुंज्या लंबांनीं केली, तर अलीकडच्याचें जाईल आणि पलीकडच्याच्या नांवावर न दिसणारी जमीन चढेल. लबाडी कोणींच केलेली नाहीं. नागमोडी हद्दींत या दोन चुका एकमेकींस कांहीं अंशीं खातात, एवढाच काय तो दिलासा.

चूक किती पडते, हें त्याच शेतावर पाहूं. फक्त दोन टोकांचे लंब घेतले तर क्षेत्र १३ गुंठे येतें. असें कोणी करणार नाहीं, पण पायरी म्हणून पाहावें. मधोमध एक लंब अधिक घेतला तर २० गुंठे ८ आणे. दर दोन सांखळ्यांस घेऊन पांच लंब केले तर २२ गुंठे ६ आणे. आणि नऊ लंबांनीं, वर सांगितल्याप्रमाणें, २२ गुंठे १३ आणे. आतां प्रत्येक पायरीस वाढलेली रक्कम पाहा: आधीं १२० आणे, मग ३०, मग ७. लंबांमधील अंतर निम्मे केलें कीं वाढ जवळजवळ चौथाईवर येते. गोल वळणाच्या हद्दीस हा नियम सर्वत्र लागतो: अंतर निम्मे, चूक चौथाई. यासाठींच लंब किती घेतले हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. तीन लंबांवर मोजणी आटोपली तर या शेतांतील सुमारें अडीच गुंठे कागदावर उमटतच नाहींत.

याच नियमांतून एक सुंदर युक्ति निघते. चूक चौथाई होते हें एकदां कळलें, म्हणजे उरलेली चूकहि अदमासतां येते: शेवटच्या वाढीचा तिसरा हिस्सा आणखी मिळवावा. तीन लंबांनीं ३२८ आणे, पांच लंबांनीं ३५८. वाढ ३०, तिचा तिसरा हिस्सा १०. एकूण ३६८, म्हणजे बरोबर २३ गुंठे. नऊ लंबांवरून हेंच केलें तर ७ चा तिसरा हिस्सा मिळून ३६७ आणे व वर एक तृतीयांश, म्हणजे २३ गुंठ्यांस आण्याचाहि पुरा फरक नाहीं. नुसत्या नऊ लंबांपेक्षां तिसरा हिस्सा मिळविलेले पांच लंब येथें सरस ठरले. इंग्रज गणिती थॉमस सिम्प्सन याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला नियम तो हाच. त्यापूर्वीं केप्लरनें दारूच्या पिंपांचें माप काढतांना, १६१५ च्या आपल्या ग्रंथांत, अशीच वाट धरिली होती. मात्र हद्द मध्येंच कोन करून मोडत असेल, तर मोडीवर लंब घेतल्याखेरीज ही युक्ति वापरूं नये. ती सावकाश वळणाऱ्या हद्दीसाठींच आहे.

कलनशास्त्रांत ज्यास दोन मर्यादांमधील निश्चित संकलन म्हणतात, तें वक्ररेषेखालच्या क्षेत्राचेंच दुसरें नांव. महाविद्यालयांत तें अक्षरें व चिन्हें यांनीं शिकवितात; वक्ररेषेचें सूत्र ठाऊक असलें तर उत्तर पुष्कळदां अचूक काढतां येतें. पण गाढी नदी कोणत्या सूत्रानें वाहते? सूत्र नाहीं, मोजलेले आंकडे तेवढे आहेत, तेव्हां पट्टे पाडण्यावांचून गति नाहीं. ही गोष्ट फार जुनी आहे. बाबिलोन येथील मातीच्या विटांवर गुरु ग्रहाची चाल लिहून ठेविलेली असून, दिवसागणिक मंदावणाऱ्या गतीवरून त्यानें आक्रमिलेलें अंतर समलंब चौकोनाच्या क्षेत्रानें काढलेलें आहे, असें ओसेनड्रायव्हर या संशोधकानें २०१६ सालीं दाखविलें. त्या विटा इसवी सनापूर्वींच्या आहेत. आकाशांतल्या गुरूस लागलेला गुणाकार गाढीकांठच्या खातेदारासहि लागतो, ही मौजच म्हणावयाची.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतींत, म्हणजे ११५० च्या सुमारास, समलंब चौकोनाचा हा नियम स्पष्ट दिला आहे. समांतर बाजूंपैकीं एकीस भूमि व दुसरीस मुख म्हटलें असून त्यांच्या बेरजेच्या निमपटीस लंबानें गुणावयाचें. पण मला त्याहून मोलाची वाटते ती आचार्यांची एक फटकारणी. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगून, लंब किंवा कर्ण न सांगतां, निश्चित क्षेत्र विचारणाऱ्यास त्यांनीं पिशाच म्हटलें आहे, आणि तसें उत्तर देणाऱ्यास त्याहून वरचढ. कारण त्याच चार बाजूंचा चौकोन खाटेसारखा कलता करीत गेलें तर क्षेत्र घटत जातें. आजहि खरेदीखतांत चार बाजूंचे फूट लिहून समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्यांचा गुणाकार मारणारे लोक आहेत. सरासऱ्यांच्या या गुणाकारानें क्षेत्र नेहमीं जास्त येतें. केवळ काटकोनी आकृतींतच तें बरोबर असतें. विकणारास ही रीति कां आवडते हें सांगणें नको.

कोणी म्हणेल, आतां सांखळी गेली, शंकु गेला. उपग्रहाचा आधार घेणारें रोव्हर यंत्र शेतांत फिरवितात व क्षेत्र संगणक काढितो, मग ही जुनी कथा कशाला? यंत्र अंतर मोजण्यांत सांखळीपेक्षां फार सरस आहे, याबद्दल वाद नाहीं. सांखळी ताणतांना पोट धरी, ओल्या खाचरांत चिखलांत रुते, कड्या झिजून लांब होई. तें सर्व टळलें. पण संगणक क्षेत्र काढतो तें कसें? हद्दीवर जेवढे बिंदु टिपले, त्यांतील लागोपाठच्या दोन बिंदूंमध्यें तो सरळ रेषा धरितो, आणि त्या रेषेखालच्या समलंब पट्ट्यांची बेरीज-वजाबाकी करितो. म्हणजे गुणाकार बुकांतलाच हिशेब, फक्त डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच होतो. नदीच्या कांठावर तीनच बिंदु टिपले असतील तर आमच्या उदाहरणांतील शेताचें क्षेत्र तें यंत्रहि २३.२७ आरांऐवजीं २०.७४ आरच सांगेल, आणि दोन दशांश स्थळें पाहून खातेदाराचा विश्वास उलट अधिक बसेल. यंत्राची बारकाई बिंदूच्या जागेची आहे. दोन बिंदूंमधल्या कांठाबद्दल त्याला कांहींच ठाऊक नाहीं.

सबब संयुक्त मोजणीच्या वेळीं खातेदारानें बांधावर स्वतः हजर राहावें, इतकेंच पुरेसें नाहीं. वांकड्या बाजूवर मोजणीदाराबरोबर चालावें व प्रत्येक वळणावर बिंदु घ्यावयास नम्रपणें सांगावें. मोजणीदारावर कामाचा बोजा असतो, सूर्य डोक्यावर असतो. तो सरळ वाटेनें जाऊं पाहील तर त्यांत नवल नाहीं. बिंदु वाढविण्यास त्याचे चार क्षण लागतात. कांठालगतची जी पट्टी लागवडीस येत नाहीं ती पोटखराब्यांत वेगळी दाखविली आहे कीं शेताबाहेरच टाकली आहे, हेंहि तेथेंच पाहावें. पोटखराबा आपल्याच नांवचा असतो, बाहेर टाकलेली जागा नसते.

हीच रीति मातीकामासहि लागते, आणि तेथें चूक दुसऱ्या अंगास पडते, म्हणून दोन शब्द. खारीच्या बांधास खांड पडली कीं ती बुजविण्यास लागलेली माती घनमापानें मोजतात; पूर्वीं शंभर घनफुटांच्या ब्रासनें, आतां घनमीटरनें. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खार जमिनींचा कायदा केला व पुढें १९७९ चा अधिनियम आला, तेव्हांपासून अशा बांधांचें पुष्कळ काम सरकारी अंदाजपत्रकानें होत आलें आहे. बांधाचा आडवा छेद ठराविक अंतरावर घेऊन, लागोपाठच्या दोन छेदांच्या निमपटीस त्यांमधील अंतरानें गुणण्याची वहिवाट आहे. म्हणजे लंबाच्या जागीं छेद आला, बाकी सर्व तेंच. छेद जवळजवळ घेतले असतील तर काम भागतें. पण खड्डा किंवा तळें उतरत्या बाजूंचें असेल तर पाहा. तीस मीटर चौरस तोंडाचें, तीन मीटर खोल, एकास एक उताराचें शेततळें घेऊं. त्याचा तळ चोवीस मीटर चौरस राहतो. तोंडाचें क्षेत्र ९०० व तळाचें ५७६, निमपट ७३८, तिला तीन मीटर खोलीनें गुणून २२१४ घनमीटर. लीलावतींतील खाताचा नियम निराळा आहे: तोंडाचें क्षेत्र, तळाचें क्षेत्र, आणि तोंड व तळ यांच्या बाजूंची बेरीज करून येणारें क्षेत्र, या तिहींच्या बेरजेस सहांनीं भागावें. येथें बाजूंची बेरीज ५४, तिचा वर्ग २९१६. तिन्ही मिळून ४३९२, त्याचा सहावा हिस्सा ७३२, आणि खोलीनें गुणून २१९६ घनमीटर. हेंच खरें माप. निमपटीच्या रीतीनें १८ घनमीटर माती न खणतांच खणली गेली, आणि तिचे पैसे तळें करवून घेणाऱ्यानें द्यावयाचे. उलट मधल्या खोलीवरची सत्तावीस मीटर बाजू धरून हिशेब केला तर २१८७ येतात, म्हणजे ९ कमी; येथें खणणारा बुडतो, पण निम्म्यानेंच. ठेका देतांना कोणती रीति लावणार हें आधींच लिहून घ्यावें. काम झाल्यावर वाद काढूं गेल्यास तळें पाण्यानें भरलेलें असतें व मोजण्यास तळ दिसत नाहीं.

राहिली नकलेची गोष्ट. ज्यांच्या शेताची एक तरी बाजू नदी, ओढा किंवा खाडी यांस लागून आहे, त्यांनीं संपादनाची नोटीस येण्याची वाट न पाहतां टिपण व गुणाकार बुक यांच्या नकला मागवून ठेवाव्या. टिपणावर वांकड्या बाजूस लंब किती आहेत ते मोजावे. नंतर गुणाकार बुकांतील पट्टे एकेक करून ताडून पाहावे. बेरजेंतील चूक निघाली तर ती कोणासहि दाखवितां येते. बेरीज बरोबर असून लंबच थोडे असतील, तर मात्र फेरमोजणीचा अर्ज करावा लागेल, आणि त्या अर्जांत नुसतें क्षेत्र कमी भरतें असें न लिहितां अमुक दगडापासून अमुक दगडापर्यंत कांठ बाहेर फुगलेला असून त्यावर इतकेच लंब घेतले आहेत, असें लिहावें.